संगणकाची कार्यप्रणाली शिकविणारें साधन कसें निवडावें?

जाणता शेतकरी पिशवीवरील चित्र पाहून बियाणें घेत नाहीं. वाण कोणता, आपल्या जमिनीस व पाण्यास तो मानेल कीं नाहीं, मुदत केव्हां संपते, हें सर्व तो पाहतो. आणि त्यावरही न थांबतां शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो व किती मोड आले तें स्वतः मोजतो. परंतु तोच शेतकरी जेव्हां स्वतःसाठीं, मुलासाठीं किंवा आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाठीं संगणक शिकविणारें एखादें साधन विकत घेतो, तेव्हां यांपैकीं एकही चौकशी तो करीत नाहीं, असें पुष्कळदां दृष्टीस पडतें. जाहिरातींत थोड्या दिवसांत सर्व संगणक शिकविण्याचें वचन असलें कीं पैसे भरले जातात; महिना जातो; आणि शिकलेला म्हणविणारा मनुष्य साध्या उताऱ्याची प्रत छापण्यासाठीं पुन्हां दुसऱ्याच्याच दारांत उभा राहतो.

ही हानि केवळ पैशाची नाहीं. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीनें आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः करावी अशी व्यवस्था झाली. २९ जून २०२२ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें दप्तर संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे शेतकऱ्याची जमीन, त्याचें पीक व त्याचें कर्ज या तिन्हींची नोंद आतां यंत्रांत जात आहे. इ.स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या कर्जखतांवर तुटून पडले. त्या असंतोषाच्या अनेक कारणांपैकीं एक हें होतें कीं, ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे हें कुळास वाचतां येत नव्हतें. आज आमचे वाचक साक्षर आहेत. तथापि ज्यास आपला पासवर्ड व ओटीपी दुसऱ्याच्या हातीं देऊन आपलें काम करवून घ्यावें लागतें, त्याची स्थिति त्या कुळाहून फारशी निराळी नाहीं. म्हणून हा विषय आम्ही येथें सविस्तर मांडीत आहों.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचें यंत्र म्हणजे वाडा, कोठार, औतें व बैल यांनीं भरलेली मोठी शेतवाडी समजावी. हें सर्व जागेवर असलें तरी मुकादमावांचून काम चालत नाहीं. कोणतें औत कोणास द्यावयाचें, कोठाराची किल्ली कोणाजवळ असावयाची, पोतीं कोणत्या खणांत रचावयाचीं, हें तो ठरवितो. संगणकांतील हा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मराठींत तिला कार्यप्रणाली म्हणतात. चालू असलेल्या प्रत्येक कामास यंत्राची शक्ति व मेमरी वांटून देणें, डिस्कवरील फाईली ठेवणें व काढून देणें, प्रिंटर, कळफलक व माऊस यांच्याकडून काम करवून घेणें, आणि कोणास कोठें प्रवेश आहे याचा पहारा करणें, हीं तिचीं मुख्य कामें होत. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज, १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स यानें आरंभिलेली व आतां जगभरचे लोक मिळून वाढवीत असलेली लिनक्स, आणि ॲपल कंपनीची मॅकओएस, या संगणकावरील प्रमुख कार्यप्रणाली आहेत.

प्रथम हीच कां शिकावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हिशेबाचा प्रोग्रॅम आज एक असतो, उद्यां दुसरा येतो. परंतु फाईल कोठें ठेविली, ती कशी शोधावी, तिची दुसरी प्रत कशी करावी, हें ज्ञान प्रत्येक प्रोग्रॅमला लागतें. जो मनुष्य एकाच प्रोग्रॅमचीं बटणें क्रमानें पाठ करितो, त्याचें बटण जागेवरून सरकलें कीं हात थांबतो. ज्यास मुकादमाची रीत कळली, त्यास नव्या वाड्यांतही वाट सांपडते.

आधीं कामांची यादी करावी

साधन पाहण्यापूर्वीं आपणांस काय करतां आलें पाहिजे, याची यादी कागदावर लिहावी. ज्यास कोणतें पीक घ्यावयाचें हें ठाऊक नाहीं, त्यास दुकानदार देईल तें बियाणें घ्यावें लागतें. शेतकरी कुटुंब व गांवची सोसायटी यांस पुढील दहा कामें अवश्य होत, असें आमचें मत आहे.

१. संगणक सुरू करणें, नीट बंद करणें, व एखादा प्रोग्रॅम अडकल्यास तेवढाच बंद करणें.
२. फोल्डर तयार करणें, त्यांत फाईल ठेवणें, तिचें नांव बदलणें व महिन्यानंतर ती शोधून काढणें.
३. पेनड्राइव्ह लावणें, व्हायरससाठीं तपासणें, त्यावर फाईल घेणें व सुरक्षितपणें काढणें.
४. प्रिंटरवर पाहिजे तेवढींच पानें छापणें व अडकलेली छपाई रद्द करणें.
५. इन्स्क्रिप्ट कळफलकावर युनिकोड मराठी लिहिणें.
६. घरांतील किंवा संस्थेंतील प्रत्येकासाठीं निराळें खातें उघडणें, व बळकट पासवर्ड ठेवणें.
७. कार्यप्रणालीचे अपडेट पाहणें व बसविणें.
८. महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत बाहेरील डिस्कवर घेणें, आणि ती प्रत परत उघडून पाहणें.
९. प्रोग्रॅम खऱ्या ठिकाणाहून घेऊन बसविणें व नको असल्यास काढणें.
१०. वाय-फायला जोडणें, आणि बनावट इशारे व दूरून संगणकाचा ताबा मागणारे फोन ओळखणें.

पांचव्या कलमाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादि जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, व मराठी शब्द टाकून तो शोधतां येत नाहीं. युनिकोडमध्यें ही अडचण राहत नाहीं. इन्स्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली असून विंडोज व लिनक्स या दोहोंबरोबर ती आयतीच येते. जें साधन मराठी लिहिणें मुळींच शिकवीत नाहीं, तें इतर बाबतींत कितीही चांगलें असलें तरी आमच्या वाचकांच्या निम्म्याच उपयोगाचें आहे.

साधनांचे प्रकार

यंत्राकडून शिकविण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर यानें १९५४ सालीं शिकविणाऱ्या यंत्राचा पुरस्कार केला. विद्यार्थ्यानें आपल्या गतीनें जावें व प्रत्येक उत्तर बरोबर कीं चूक हें त्यास तत्काळ कळावें, हें त्यांतील तत्त्व होतें. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर याच्या पुढाकारानें प्लेटो नांवाची संगणकावरील शिक्षणव्यवस्था सुरू झाली. तेव्हांपासून आजपर्यंत पुष्कळ प्रकार निघाले. कार्यप्रणाली शिकविणाऱ्या साधनांचे चार मुख्य वर्ग करतां येतात.

पहिला वर्ग चित्रफितींचा. यांत शिकविणारा बोलतो व पडद्यावर काम करून दाखवितो. दुसरा वर्ग अनुकरणाचा. यांत खऱ्यासारखी दिसणारी खोटी खिडकी उघडते व शिकणारा तींत क्लिक करितो. चुकल्यास कांहीं बिघडत नाहीं. तिसरा वर्ग प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा. यांत पाठ एका बाजूस व खरी कार्यप्रणाली दुसऱ्या बाजूस असते, आणि शिकणारा खऱ्या यंत्रावरच काम करितो. चौथा वर्ग प्रश्नसंचांचा. तो परीक्षेच्या तयारीस बरा, परंतु हातास वळण लावीत नाहीं. विकावयास येणाऱ्या बहुतेक साधनांत यांपैकीं दोन किंवा तीन प्रकारांची मिसळ असते. कोणता अंश किती आहे हें पाहणें घेणाऱ्याचें काम आहे.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी आवृत्तीची. आपल्या संगणकावर जी कार्यप्रणाली आहे, तिचीच आणि त्याच आवृत्तीची शिकवण असली पाहिजे. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजीं निघाली व १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिचा नेहमींचा आधार संपला. म्हणजे त्यानंतर तिला सुरक्षिततेचे सर्वसाधारण मोफत अपडेट मिळण्याचें थांबलें. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ मध्यें खालच्या पट्टीवरील चिन्हें डावीकडून मध्यभागीं आलीं व सेटिंग्जची मांडणी बदलली. नवख्यास एवढा फरकही गोंधळांत टाकण्यास पुरेसा होतो. शिवाय विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था लागते. पुष्कळ जुने संगणक यांत बसत नाहींत. ज्यांचा संगणक असा आहे, त्यांनीं शिकवणीचें साधन घेण्यापूर्वींच आपण पुढें कोणत्या कार्यप्रणालीवर राहणार हें ठरवावें. जाणाऱ्या भाडेकरूसाठीं घर रंगविण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी कसोटी भाषेची. समजावून सांगणें मराठींत असावें, हें उघड आहे. परंतु संगणकावरील मेन्यू इंग्रजींत असतील आणि पाठांत त्यांचीं मराठी नांवेंच तेवढीं सांगितलीं असतील, तर शिकणारा पडद्यावर तें नांव शोधीत बसेल. म्हणून मराठी बोलणें व पडद्यावर दिसतो तोच शब्द, या दोहोंचा मेळ आहे कीं नाहीं, हें एक पाठ उघडून पाहावें.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. ती हात चालतो कीं केवळ डोळे, ही होय. या बाबतींत अमेरिकेंतील सूजन पामिटर व जे एल्कर्टन यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत केलेले प्रयोग लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. त्यांनीं कांहीं जणांस संगणकावरील कामें हलत्या चित्रांनीं करून दाखविलीं व कांहीं जणांस लेखी सूचना दिल्या. शिकतांना चित्रें पाहणारे अधिक जलद व अधिक बिनचूक ठरले. परंतु सात दिवसांनीं पुन्हां कामें करावयास सांगितलीं, तेव्हां लेखी सूचनांवर शिकलेले वेगांत त्यांच्या पुढें गेले. याचें कारण असें दिसतें कीं, पाहणारा नुसती नक्कल करितो; वाचणाऱ्यास प्रत्येक पायरी स्वतः विचार करून हातीं उतरवावी लागते, आणि ज्यासाठीं मन झिजलें तेंच टिकतें. नांगर चालतांना बांधावरून पाहणाऱ्यास सरळ तास मारतां येत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चित्रफीत घ्यावी, पण ती मध्येंच थांबवून तेंच काम स्वतः करावयास लावणारी असावी.

चौथी कसोटी चुकीची. शिकणारा चुकला तर साधन काय करितें? आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रांत जॉन कॅरोल व कॅरोलाइन कॅरिथर्स यांनीं १९८४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेखनाच्या एका प्रोग्रॅममध्यें नवशिके ज्या ठिकाणीं हमखास अडकतात, त्या वाटा त्यांनीं तात्पुरत्या बंद केल्या; तिकडे गेल्यास ही सोय अद्यापि उपलब्ध नाहीं एवढेंच उत्तर मिळे. अशा रीतीनें शिकलेले लोक पूर्ण प्रोग्रॅमवर शिकलेल्यांहून लवकर कामास लागले, चुका निस्तरण्यांत त्यांचा वेळ कमी गेला, आणि समज पाहणाऱ्या चाचणींतही ते सरस ठरले. नव्या गोऱ्ह्यास पहिल्या दिवशीं लोखंडी नांगरास न जुंपतां शिकलेल्या बैलाजोडीला हलक्या औतास जुंपतात, त्यांतलेंच हें तत्त्व आहे. मात्र येथें एक भेद ध्यानीं ठेवावा. घातक वाटा बंद करणें निराळें, आणि एकच बटण सोडून सर्व कांहीं बंद करणें निराळें. पुष्कळ अनुकरणांत ठराविक जागीं क्लिक केल्याशिवाय पुढें जातांच येत नाहीं. फाईल नकलण्याच्या तीन रीती असतां दोन खऱ्या रीती तेथें चूक ठरतात. असें साधन मनुष्यास भित्रा करितें. चांगलें साधन थोडें भटकूं देतें, चूक काय झाली तें सांगतें आणि मागें येण्याची वाट दाखवितें.

पांचवी कसोटी उजळणीची. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यानें १८८५ सालीं स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. नवें पाठ केलेलें आरंभीं फार वेगानें विसरतें, पुढें विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकींत केलेल्या घोकंपट्टीहून अधिक फलदायी होते, हें त्यानें दाखविलें. म्हणून दहाव्या पाठांत तिसऱ्या पाठाचें काम पुन्हां करावयास लावणारें साधन श्रेष्ठ समजावें. सर्व पाणी एकदांच सोडल्यानें पीक येत नाहीं. पाळ्या द्याव्या लागतात.

सहावी कसोटी वीज व इंटरनेट यांची. पाठ एकदां उतरवून घेऊन पुढें इंटरनेटवांचून चालतात कीं प्रत्येक वेळीं जोडणी लागते? मध्येंच वीज गेल्यास सोडल्या जागेवरून पुन्हां आरंभ होतो कीं पहिल्यापासून? गांवांत हा प्रश्न शहरापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे.

सातवी कसोटी परवान्याची. किंमत दर माणशीं आहे, दर संगणकास आहे कीं दर वर्षास, हें लेखी घ्यावें. वर्गणी संपल्यावर पाठ पाहतां येतात कीं बंद होतात, संगणक बदलल्यास तोच परवाना चालतो कीं नाहीं, कार्यप्रणालीची आवृत्ति बदलल्यास नवे पाठ मिळतात कीं पुन्हां दाम मोजावे लागतात, हेही प्रश्न विचारावे. कुलूप तोडून वांटलेलीं चोरटीं साधनें कोणीं फुकट दिलीं तरी घेऊं नयेत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यांच्याबरोबर पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम घरांत येण्याचा धोका असतो.

आठवी कसोटी प्रमाणपत्राची. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें व त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आहे. तो सर्वसाधारण संगणकसाक्षरतेचा असून त्याच्या प्रमाणपत्राचा नोकरीच्या अर्जास उपयोग होतो. मुलास नोकरीसाठीं प्रमाणपत्र पाहिजे असेल तर तें मान्य असलेला अभ्यासक्रमच घ्यावा. परंतु ज्यास घरचें व संस्थेचें काम करावयाचें आहे, त्यानें प्रमाणपत्राच्या कागदासाठीं अधिक दाम देऊं नये. त्याची परीक्षा प्रिंटरपुढें व बाहेरील डिस्कपुढें व्हावयाची आहे.

विनामूल्य मिळणारीं साधनें

पैसे देण्यापूर्वीं विनामूल्य काय मिळतें हें पाहावें. आयआयटी मुंबई येथें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम उभा राहिला. त्यांत लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादि मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ असून त्यांपैकीं पुष्कळ पाठांचें निवेदन मराठींत ऐकावयास मिळतें. पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस खरा प्रोग्रॅम ठेवून, पाठ थांबवीत थांबवीत तेंच काम आपण करावें, अशी त्यांची रीत आहे. आमच्या तिसऱ्या कसोटीस ती उतरते. हे पाठ उतरवून घेतां येतात व त्यांची नक्कल करून वांटण्यास मोकळीक आहे. मात्र कांहीं पाठ कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्तींवर तयार केलेले असल्यामुळें पहिली कसोटी त्यांसही लावावी. आणि ज्यांस विंडोजवरच राहावयाचें आहे, त्यांचें सर्व काम त्यांनीं भागणार नाहीं. ज्यांस लिनक्सकडे वळावयाचें आहे, त्यांनीं उबुंटूबरोबरच सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं काढलेली व भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्सही पाहून ठेवावी.

ज्या वृद्धांनीं माऊस कधीं हातीं धरला नाहीं, त्यांस प्रथम खेळ द्यावा. १९९० सालच्या विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा एक खेळ आला होता; पत्ता धरून ओढणें व दुसऱ्या पत्त्यावर सोडणें या कृतीनें असंख्य लोकांच्या हातास माऊसचें वळण लागलें. जीकॉम्प्री हा लहान मुलांसाठीं केलेला विनामूल्य प्रोग्रॅमही माऊस व कळा यांच्या सरावास मोठ्यांच्या उपयोगीं पडतो. यांत कमीपणा मानूं नये.

सराव कोठें करावा?

ज्या संगणकावर सोसायटीचें दप्तर आहे, त्यावर नवशिक्यानें सराव करूं नये. उभ्या पिकांत कोणी प्रयोग करीत नाहीं. त्यासाठीं निराळा वाफा राखतात. निराळा संगणक नसेल तर तीन मार्ग आहेत. पहिला, त्याच संगणकावर शिकणाऱ्यासाठीं मर्यादित अधिकाराचें निराळें खातें उघडावें, म्हणजे त्यास प्रोग्रॅम काढतां येणार नाहीं व दुसऱ्याच्या फाईली उघडतां येणार नाहींत. दुसरा, व्हर्च्युअलबॉक्स या विनामूल्य प्रोग्रॅमनें संगणकाच्या आंत दुसरा लटका संगणक तयार करावा. त्याची चालू स्थिति जतन करून ठेवितां येते, आणि सर्व बिघडलें तरी क्षणांत मूळ स्थितीवर परत येतां येतें. मात्र त्यास ८ जीबी मेमरी असली तर बरें. तिसरा, लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. ती डिस्कवर न बसवितांही चालते. फक्त डिस्कवर बसविण्याचें बटण दाबूं नये व आंतील डिस्कच्या फाईलींस हात लावूं नये, ही ताकीद आधीं द्यावी. कोणताही मार्ग घेतला तरी सरावास आरंभ करण्यापूर्वीं सर्व दप्तराची दुसरी प्रत बाहेरील डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून दूर ठेवावी.

उगवणीची चाचणी

आतां शंभर दाण्यांच्या चाचणीसारखी चाचणी या साधनांची कशी करावी तें सांगतों. बहुतेक साधनांचे कांहीं पाठ नमुन्यादाखल मिळतात. संस्थेसाठीं घ्यावयाचें असल्यास विक्रेत्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागावी. जो नमुना दाखविण्यास तयार नाहीं, त्याच्याकडून घेऊं नये.

दोन माणसें निवडावीं. एक विशीच्या आंतबाहेरचा व दुसरा पंचेचाळिशीच्या पुढील. वर दिलेल्या यादींतील दहाही कामें त्यांस आरंभींच करावयास सांगावीं व किती आलीं तें टिपून ठेवावें. असें न केल्यास त्यांस आधींच येत असलेल्या कामांचें श्रेय साधनास मिळेल. मग पंधरा दिवस रोज पाऊण तास साधनावर शिकूं द्यावें. या काळांत दुसऱ्या कोणीं हातीं धरून शिकवूं नये. ते कोठें अडले एवढेंच लिहून ठेवावें. सोळाव्या दिवशीं साधन बंद करून तींच दहा कामें करावयास सांगावीं. त्यानंतर आठ दिवस संगणकास हात न लावतां पुन्हां परीक्षा घ्यावी. पण या खेपेस फोल्डरचें नांव, पेनड्राइव्ह व छापावयाचा कागद बदलावा. पाठ केलेली वाट आणि समजलेली वाट यांतील अंतर येथेंच उघड होतें.

दुसऱ्या परीक्षेंत दोघांसही मदतीवांचून आठ किंवा अधिक कामें आलीं आणि त्यांतील बहुतेक त्यांस पूर्वीं येत नव्हतीं, तर साधन घेण्यास हरकत नाहीं. पांच ते सात आलीं तर साधनाबरोबर शिक्षक लागेल असें समजावें. तरुणास आलीं व वृद्धास आलीं नाहींत, तर तें साधन तरुणांपुरतें ठेवावें. पांचांहून कमी आलीं तर किंमत कितीही थोडी असली तरी परत करावें. हे आंकडे आम्हीं व्यवहारासाठीं ठरविले आहेत. आपापल्या गरजेप्रमाणें वाचकांनीं त्यांत फेरफार करावा. परंतु आठवें काम, म्हणजे प्रत घेणें व परत उघडणें, ज्यास आलें नाहीं, त्याच्या हातीं संस्थेचें दप्तर देऊं नये, हा नियम मोडूं नये.

खर्चाचा हिशेब

शेवटीं दामाचा विचार. समजा, एका साधनास दर माणशीं दर वर्षास १,२०० रुपये पडतात, आणि दुसऱ्यास एका संगणकास एकदांच ६,००० रुपये. पांच माणसें एका वर्षांत शिकून मोकळीं झालीं, तर पहिल्यास ६,००० च होतात व दोन्हीं सारखींच पडतात. परंतु वर्गणी तीन वर्षें चालू राहिली तर पहिल्यास १८,००० रुपये जातील. उलट दुसऱ्या साधनाची नवी आवृत्ति मध्येंच ३,००० रुपयांस घ्यावी लागली, तरी तें ९,००० रुपयांतच राहील. आतां तिसरा मार्ग पाहूं. विनामूल्य पाठ घेतले आणि गांवांतीलच एखाद्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस वीस दिवस रोज २०० रुपये देऊन अडलेल्यांस मदत करावयास बसविलें, तर ४,००० रुपये लागतील. आणि ते गांवांतच राहून पुढील वर्षीं अडचण आल्यास विचारावयास जवळ माणूस असेल. हे आंकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनीं आपल्याकडील खरे दर घालून हिशेब करावा. तात्पर्य इतकेंच कीं, साधनाची किंमत छापील दरावरून न ठरवितां, किती माणसें, किती वर्षें व कोणाच्या मदतीनें शिकणार, यावरून ठरवावी.

खरेदीच्या वेळीं आणखी एक सावधगिरी ठेवावी. साधन बसवून देतों म्हणून कोणी फोनवरून संगणकाचा ताबा मागेल, किंवा ओटीपी विचारील, तर व्यवहार तेथेंच थांबवावा. शिकविणाऱ्यास शिकणाऱ्याचा ओटीपी कधींच लागत नाहीं.

खरिपाची धांदल संपून रब्बीच्या पेरण्या उरकल्या म्हणजे संध्याकाळचा पाऊण तास काढणें बहुतेक कुटुंबांस शक्य होतें. तोपर्यंत सोसायटीच्या सभेंत दहा कामांची यादी वाचून दाखवावी, दोन परीक्षार्थी नेमावे, आणि दोन-तीन साधनांचे नमुने मागवून ठेवावे. घरीं एकटा शिकणारा असेल तर त्यानें आधीं विनामूल्य पाठांवर पंधरा दिवस घालवावे व मगच पैशाचा विचार करावा. ज्या दिवशीं घरांतील एक तरी मनुष्य आपला उतारा स्वतः काढील, तो योग्य फोल्डरमध्यें ठेवील, त्याची दुसरी प्रत करील आणि आपला पासवर्ड आपल्यापाशींच राखील, त्या दिवशीं साधनाचे दाम वसूल झाले असें समजावें.